टेबल समोर दिसतंय, तरी डेटाबेस ‘नाही’ का म्हणतो?

सांगली-मिरजेकडच्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांना प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरावं लागत नाही. मार्केट यार्डात कुणाच्या तरी ओळखीचं अडत दुकान असतंच. हळदीची नाहीतर बेदाण्याची आवक, पोती, वजन, दर, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हातात द्यायची पट्टी, एवढं कॉम्प्युटरवर आणलं की उपयोगाचा प्रोजेक्ट उभा राहतो. लॅपटॉपवर तो व्यवस्थित चालतो. मग सर्व्हरवर चढवला, किंवा मायएसक्यूएल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस नावाच्या वेगळ्या डेटाबेसवर नेला, की पहिल्याच पानावर निरोप येतो: आवक नावाचं टेबल अस्तित्वात नाही. शेजारच्या खिडकीत तेच टेबल उघडलेलं असतं, त्यातल्या नोंदीही दिसत असतात. मुलं पासवर्ड बदलून बघतात, सर्व्हर बंद-चालू करतात, शेवटी सगळं काढून पुन्हा बसवतात. बऱ्याचदा कारण एवढंच असतं, की टेबलाच्या इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर एका ठिकाणी कॅपिटल आहे आणि दुसऱ्या ठिकाणी स्मॉल.

शिकवताना हा विषय घाईत उरकला जातो आणि कामाला लागल्यावर अख्खा दिवस खातो. म्हणून जरा सावकाश बघू.

नाव वेगळं, मजकूर वेगळा

डेटाबेस म्हणजे माहिती नीट रचून ठेवणारा प्रोग्रॅम. त्यातल्या प्रत्येक तक्त्याला टेबल म्हणतात, तक्त्यातल्या उभ्या रकान्याला कॉलम. आणि हे टेबल दाखव, ती नोंद बदल असं ज्या भाषेत डेटाबेसला सांगायचं, ती एसक्यूएल.

या भाषेत दोन प्रकारचे शब्द आपण स्वतः घालतो. एक म्हणजे नावं: आवक हे टेबलाचं नाव, तालुका हे कॉलमचं नाव. दुसरा म्हणजे मजकूर: तासगाव, जत, कवठेमहांकाळ ही त्या कॉलमात भरलेली माहिती. एसक्यूएलच्या प्रमाणित नियमानुसार मजकूर एकेरी अवतरणचिन्हात लिहायचा. नावाला एरवी चिन्ह लागत नाही, आणि लागलंच तर ते दुहेरी.

हा फरक सगळ्यात जास्त पुसलाय तो मायएसक्यूएलने. तिथे मूळच्या सेटिंगमध्ये दुहेरी चिन्हातला शब्दही मजकूर म्हणून चालतो आणि नावासाठी बॅकटिक हे तिरकं चिन्ह वापरतात, म्हणजे कीबोर्डवर एकच्या आकड्याशेजारी असतं ते. त्यामुळे मायएसक्यूएलवर शिकलेल्या माणसाला आवक टेबलातल्या तासगाव तालुक्याच्या नोंदी हव्या असल्या, की तो सहज लिहून जातो:

सिलेक्ट * फ्रॉम आवक व्हेअर तालुका = "तासगाव"

हीच ओळ पोस्टग्रेसला दिली, की तो सांगतो, तासगाव नावाचा कॉलम नाही. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. दुहेरी चिन्हात घातलंत म्हणजे ते नाव, आणि नाव असेल तर कॉलम हवा. एसक्यूलाइट हा मोबाइलमध्ये सर्रास सापडणारा डेटाबेस आणखी वेगळा वागतो: तो आधी कॉलम शोधतो, सापडला नाही की बऱ्याच ठिकाणी गुपचूप मजकूर समजून पुढे जातो. ही सोय मला धोक्याची वाटते. कॉलमचं नाव लिहिताना एक अक्षर चुकलं, तर चूक कळण्याऐवजी चुकीचं उत्तर हातात पडतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून ओळ उचलून चिकटवली, तर अवतरणचिन्हं वळणदार होऊन येतात. पोस्टग्रेस ती वळणदार चिन्हं नावातलीच अक्षरं समजतो. कॉलम नाही असा निरोप आला आणि त्यात चिन्हं जरा वाकडी दिसली, तर आधी ती हाताने पुन्हा टाइप करा.

दिवाणजींची सवय

आता कॅपिटल-स्मॉलकडे वळू. जुन्या अडत दुकानातले दिवाणजी डोळ्यांसमोर आणा. तुम्ही नाव कसंही सांगा, ते खतावणीत आपल्या ठरलेल्या पद्धतीनेच लिहिणार, आणि पुढच्या वेळी तुम्ही आलात की त्याच पद्धतीने शोधणार. लिहिताना आणि शोधताना सवय एकच, म्हणून खातं बिनचूक सापडतं. पण एखादा अडून बसला, की माझं नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा, काना-मात्रा बदलू नका, तर दिवाणजी तसं लिहितील. मात्र मग पुढच्या वेळीही त्याने तसंच बजावून सांगायला हवं. नुसतं नाव सांगितलं तर ते आपल्या सवयीच्या रूपात शोधतील, आणि त्या रूपात खातं उघडलेलंच नसेल.

अवतरणचिन्हाशिवाय लिहिलेलं नाव म्हणजे दिवाणजींच्या सवयीवर सोडलेलं नाव. दुहेरी चिन्हात लिहिलेलं म्हणजे बजावून सांगितलेलं. ओरॅकल आणि डीबीटू या डेटाबेसांची सवय सगळं नाव कॅपिटल करायची. पोस्टग्रेसची सवय सगळं स्मॉल करायची. इथून पुढे लेखात दुहेरी चिन्हांना नुसतं कोट म्हणतो, कारण कामावर सगळे तेच म्हणतात.

पोस्टग्रेसमध्ये टेबल बनवताना आवक हे नाव इंग्रजीत, पहिला ए कॅपिटल ठेवून, कोटशिवाय लिहिलं, तर टेबल स्मॉल अक्षरांतच तयार होतं. पुढे ते कॅपिटल, स्मॉल, मिसळून, कसंही लिहा, सापडतं. पण तेच नाव कोटमध्ये घालून टेबल बनवलं असेल, तर कॅपिटल ए जसाच्या तसा राहतो. मग कोटशिवाय कसंही लिहिलंत तरी ते टेबल सापडणार नाही. अगदी कॅपिटल ए बरोबर टाइप केलात तरीही नाही, कारण शोधायच्या आधी पोस्टग्रेस तो स्मॉल करून टाकतो. सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात.

निरोप नीट वाचा

टेबल नाही असं सांगणाऱ्या पोस्टग्रेसच्या निरोपात टेबलाचं नाव छापलेलं असतं. तुम्ही कॅपिटल ए टाइप केला आणि निरोपात स्मॉल ए दिसतोय, तर काय घडलं ते तिथेच कळतं: नाव बदलून मग शोधलं गेलंय. त्यानंतर टेबलांची यादी काढा. यादीत नाव कॅपिटल ए घेऊन बसलेलं दिसलं, की निदान झालं. कॉलमच्या बाबतीत पोस्टग्रेस जास्त मदत करतो. तुम्हाला अमुक कॉलम म्हणायचा होता का, अशी सूचना खाली देतो आणि त्यात खरं नाव कोटसकट लिहितो. ती सूचना लोक वाचत नाहीत, लाल रंग दिसला की वरची ओळ कॉपी करून शोधायला लागतात.

हे असं का ठरलं?

एसक्यूएलचं बीज १९७४ सालचं. आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी सीक्वल नावाने ही भाषा मांडली. त्या काळी छिद्रांच्या कार्डांवर आणि पुष्कळ टर्मिनलांवर इंग्रजी लिहायचं ते कॅपिटल अक्षरांतच. १९८६ मध्ये भाषेचं अमेरिकी प्रमाण ठरलं. पुढे कोटमधल्या नावांची सोय आली तेव्हाही प्रमाणात कायम राहिलं ते हेच, की कोट नसेल तर नाव कॅपिटल समजायचं.

पोस्टग्रेस मात्र बर्कलीच्या विद्यापीठात, मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वातावरणात वाढला. युनिक्समध्ये सगळा वावर स्मॉल अक्षरांचा. शिवाय सुरुवातीला त्याची भाषाही एसक्यूएल नव्हती, ती १९९४ च्या सुमारास आली. तोवर त्याची आतली टेबलं स्मॉल नावांचीच होती. आपली रीत प्रमाणाशी जुळत नाही, हे पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. मग बदलत का नाहीत? बदललं तर जगभर चालू असलेल्या असंख्य प्रोग्रॅमना एका रात्रीत टेबलं सापडेनाशी होतील. अशी जुनी रीत टिकवणं मला समंजसपणाचं वाटतं.

मायएसक्यूएलचं दुखणं वेगळं

तिथे प्रश्न कोटचा कमी आणि कॉम्प्युटर कुठला याचा जास्त आहे. मायएसक्यूएल डेटाबेस आणि टेबलं डिस्कवर फोल्डर आणि फाइलच्या रूपात ठेवत आलाय. विंडोज फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉल बघत नाही, लिनक्स बघतो. म्हणून एकाच प्रोग्रॅममध्ये एका पानावर कॅपिटल ए आणि दुसऱ्या पानावर स्मॉल ए लिहिलं, तरी विंडोजच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं. तोच प्रोग्रॅम लिनक्सच्या सर्व्हरवर गेला की अर्धी पानं बंद पडतात. कॉलमच्या नावांना हा त्रास नाही, ती तिथे कुठल्याही रूपात चालतात. त्यामुळे काही चालतंय, काही नाही, असं दृश्य दिसतं आणि गोंधळ वाढतो.

यावर लोअर केस टेबल नेम्स नावाची सेटिंग आहे. पण ८.० आवृत्तीपासून ती सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच ठरवावी लागते, नंतर बदलता येत नाही. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर ती आपल्या हातात नसते असंच धरून चाला. खात्रीचा उपाय एकच: प्रोग्रॅममध्ये सगळीकडे नाव एका रूपात लिहा.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये नावासाठी चौकटी कंस वापरतात, आणि कॅपिटल-स्मॉल बघायचं की नाही हे डेटाबेसच्या कोलेशनवर, म्हणजे अक्षरांची तुलना कशी करायची त्या नियमावर, अवलंबून असतं. सहसा बघत नाहीत. एसक्यूलाइटही बघत नाही.

मी तर कोट टाकलेच नव्हते!

हा आक्षेप खरा असतो. कोट माणसाने टाकलेले नसतात, अवजाराने टाकलेले असतात. पीजीअ‍ॅडमिन या पोस्टग्रेस हाताळायच्या प्रोग्रॅमच्या खिडकीत टेबलाचं नाव कॅपिटल ए घालून भरलंत, की ते मुकाट्याने कोट घालून टेबल बनवतं. प्रिस्मा, सीक्वलाइझ, एंटिटी फ्रेमवर्क ही आपल्या वतीने एसक्यूएल लिहिणारी अवजारं प्रोग्रॅममधलं नाव जसंच्या तसं कोटमध्ये घालून डेटाबेसला देतात. सीक्वलाइझने बनवलेल्या टेबलात क्रिएटेडअ‍ॅट हा कॉलम मधला ए कॅपिटल घेऊन येतो. अवजारातून काम करताय तोवर काहीच जाणवत नाही. महिनाअखेरीला कुणी अहवालासाठी हाताने चार ओळी लिहायला बसतो, तेव्हा पहिला धक्का.

निरोप येऊन काम थांबलं तर एक वेळ परवडतं. खरं नुकसान निरोप येत नाही तिथे होतं. समजा अवजाराने कोटमधलं, कॅपिटल ए असलेलं आवक टेबल बनवलंय. दुसऱ्या कुणी नोंदी आयात करायचा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यात खबरदारी म्हणून घातलं, की आवक टेबल नसेल तर तयार कर. त्याने कोट टाकले नाहीत. पोस्टग्रेसने स्मॉल आवक शोधलं, सापडलं नाही, आणि सांगितल्याप्रमाणे नवं रिकामं टेबल उघडलं. आता एकाच डेटाबेसमध्ये दोन आवक आहेत आणि दोन्ही कायदेशीर आहेत. पडद्यावर भरलेली पोती एकीकडे, वजनकाट्यावरून आयात झालेली दुसरीकडे. कुठेही लाल अक्षर नाही. शेतकऱ्याची पट्टी मात्र कमी पोत्यांची निघते, आणि त्याने वर्षभर सांभाळलेल्या मालाचा हिशोब अपुरा पडतो. लहान-मोठ्या अक्षरांची ही बाब मी इतकी मनावर घेतो ती याचसाठी.

मग सगळीकडेच कोट टाकू की?

चालेल, पण मग कायमचं. प्रत्येक ओळीत, प्रत्येक अहवालात, तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येक माणसाने. शिवाय प्रोग्रॅमच्या भाषेत दुहेरी चिन्हांना स्वतःचा अर्थ असतो, त्यामुळे आत कोट घालायचे तर त्यांच्याआधी उलटी तिरकी रेघ घालत बसावं लागतं. डेटाबेस बदलला की चिन्हही बदलतं. मला हा सौदा पटत नाही. नावं स्मॉल अक्षरांत, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर, म्हणजे खालची आडवी रेघ (_), जागा न सोडता, आणि कोटशिवाय: ही रीत पोस्टग्रेसमध्येही चालते, मायएसक्यूएलमध्येही, ओरॅकलमध्येही.

अपवाद राखीव शब्दांचा. काही शब्द एसक्यूएलने स्वतःसाठी ठेवलेत, जसे ऑर्डर, ग्रुप, टेबल. ते नाव म्हणून हवे असतील तर कोट लागतातच. यूजर हा शब्द सगळ्यात फसवा. पोस्टग्रेसमध्ये यूजर नावाचं टेबल कोटमध्ये बनवलं आणि नंतर कोटशिवाय सिलेक्ट * फ्रॉम यूजर लिहिलं, तर चूक दाखवली जात नाही. एक ओळ समोर येते आणि त्यात तुम्ही ज्या नावाने डेटाबेसमध्ये शिरलात ते नाव असतं. टेबलातल्या सगळ्या नोंदी उडाल्या असं वाटून माणूस घाबरतो. नोंदी शाबूत असतात, तुम्ही विचारलेला प्रश्न वेगळा समजला गेलेला असतो.

राखीव शब्द वाढतही जातात. मायएसक्यूएल ८.० मध्ये रँक आणि ग्रुप्स हे शब्द राखीव झाले. शाळेच्या निकालाच्या टेबलात रँक नावाचा कॉलम ५.७ वर बिनघोर चालत होता, तो नव्या आवृत्तीवर अडला. म्हणून नाव जरा सविस्तर ठेवावं. रँकऐवजी निकाल_क्रमांक ठेवलं तर कुठलीही आवृत्ती आडवी येणार नाही.

नाव मराठीतच ठेवलं तर?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो आणि तो चांगला आहे. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाहीच, तर हे सगळं एका फटक्यात संपत नाही का? पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही देवनागरी नावं कोटशिवायही स्वीकारतात, आणि आवक हे देवनागरीत लिहिलं तर त्यात बदलण्यासारखं काही नसतं. पण मग दुसऱ्या दोन अडचणी येतात.

पहिली लांबीची. पोस्टग्रेसमध्ये नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे; बाइट म्हणजे साठवणीच्या जागेचं माप. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन. काना, मात्रा, हलन्त हेही वेगळं चिन्ह म्हणून मोजले जातात. म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. आता दोन कॉलम घ्या: हळद_उत्पादक_शेतकऱ्याचे_नाव आणि हळद_उत्पादक_शेतकऱ्याचे_गाव. हळदचे ९ बाइट, उत्पादकचे २१, शेतकऱ्याचेचे ३० आणि तीन अंडरस्कोर, मिळून बरोबर ६३. पुढचं नाव आणि गाव कापलं जातं. दोन्ही कॉलमांचं नाव एकच होतं आणि पोस्टग्रेस म्हणतो, हा कॉलम दोनदा दिलाय. कापल्याची सूचना तो देतो, पण ती चूक म्हणून देत नाही, त्यामुळे नजरेतून सुटते. मायएसक्यूएल ६४ अक्षरं मोजतो, बाइट मोजत नाही, तिथे हे नाव सहज मावतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. शेतकऱ्याचे मधला ऱ्या बघा. त्यातला ऱ एका बटणात टाइप होतो. काही कीबोर्डांवर र लिहून खाली नुक्ता, म्हणजे टिंब, जोडला जातो. काही ठिकाणी र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह येतं. पडद्यावर तिन्ही ऱ्या सारखेच दिसतात, कॉम्प्युटरच्या लेखी तिन्ही वेगळे. पोस्टग्रेस नावं जुळवताना बाइट जुळवतो, दिसणं जुळवत नाही. एकाने मोबाइलवरच्या कीबोर्डवर कॉलम बनवला आणि दुसऱ्याने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तो लिहिला, तर पुन्हा तेच उत्तर: असा कॉलम नाही. कॅपिटल ए निदान डोळ्यांना दिसतो, हा फरक दिसतही नाही.

माझं मत असं, की मराठी नावं ठेवायची असतील तर जरूर ठेवा, पण छोटी ठेवा आणि ऱ्या, ऱ्ह टाळा. शेतकरी, गाव, वजन, दर. ही नावं कुठल्याही कीबोर्डवरून एकसारखीच उतरतात.

आतल्या मजकुराचं काय?

कॉलमात भरलेल्या इंग्रजी मजकुराला नावांचे नियम लागत नाहीत, त्याचे वेगळे आहेत. एकाने तासगाव इंग्रजीत सगळं कॅपिटल लिहिलं आणि दुसऱ्याने फक्त पहिलं अक्षर, तर मायएसक्यूएलच्या मूळ सेटिंगमध्ये दोन्ही एकच समजले जातात. पोस्टग्रेसमध्ये ते दोन वेगळे तालुके होतात आणि तालुकावार बेरीज फुटते. तालुका हाताने टाइप करू देण्यापेक्षा यादीतून निवडायला लावणं हा यावरचा सरळ इलाज.

बाहेरून आलेलं नाव

काही पडद्यांवर वापरणारा स्वतः ठरवतो की यादी कुठल्या कॉलमप्रमाणे लावायची: दराप्रमाणे, वजनाप्रमाणे. ते कॉलमचं नाव ब्राउझरमधून येतं आणि पुष्कळ प्रोग्रॅम ते सरळ एसक्यूएलच्या ओळीत चिकटवतात. मजकूर सुरक्षित पोचवण्यासाठी ओळीत त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून तो वेगळा द्यायची पद्धत आहे, पण ती नावांना चालत नाही. म्हणून लोक इथे ढिले पडतात, आणि नावाच्या जागी कुणी आपलीच एसक्यूएल घुसवली तर डेटाबेस ती पाळतो. नुसते दोन्ही बाजूंना कोट लावणं पुरत नाही, कारण आलेल्या नावात कोट असला तर तो कुंपण तोडतो. आतला प्रत्येक कोट दुप्पट करावा लागतो. पोस्टग्रेसमध्ये हे काम कोट आयडेंट नावाचं फंक्शन करतं. त्याहून बरं म्हणजे, चालतील त्या चार कॉलमांची यादी प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवायची आणि आलेलं नाव तिच्यात नसेल तर परत पाठवायचं.

चालू डेटाबेस दुरुस्त करायचा असेल तर

आधी बॅकअप. मग पोस्टग्रेसच्या इन्फर्मेशन स्कीमामधून, म्हणजे डेटाबेसने स्वतःबद्दल ठेवलेल्या माहितीमधून, अशी नावं काढा जी स्वतःच्या स्मॉल रूपाशी जुळत नाहीत. टेबलं आणि कॉलम दोन्हींची यादी घ्या, आणि दोन आवक सापडतात का ते तेव्हाच बघून घ्या. सापडली तर नोंदी एकत्र केल्याशिवाय नाव बदलू नका. त्यानंतर अल्टर टेबल वापरून जुनं नाव कोटमध्ये आणि नवं कोटशिवाय दिलं, की नाव बदलतं. नोंदींना धक्का लागत नाही, परकीय किल्ल्या, म्हणजे टेबलं एकमेकांना जोडणारे दुवे, आणि इंडेक्स, म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेल्या सूच्या, हेही आपोआप नव्या नावाला जोडलेले राहतात. प्रोग्रॅममधली ओळ न् ओळ मात्र तुम्हालाच बदलावी लागते.

अवजार वापरत असाल तर त्यालाही नवं नाव सांगा. प्रिस्मामध्ये त्यासाठी, म्हणजे प्रोग्रॅममधल्या नावाला डेटाबेसमधलं वेगळं नाव जोडण्यासाठी, मॅपची सोय आहे, जावासाठीचं स्प्रिंग बूट हे अवजार मुळातच अंडरस्कोरवालं स्मॉल रूप वापरतो. आणि जुना प्रोग्रॅम लगेच बदलणं शक्य नसेल, तर जुन्या कॅपिटल नावाने एक व्ह्यू, म्हणजे मूळ टेबलाकडे बघणारं नुसतं नाव, तयार करून ठेवा. साध्या व्ह्यूमधून पोस्टग्रेस नवी नोंदही स्वीकारतो, त्यामुळे हंगाम चालू असताना दुकान बंद ठेवावं लागत नाही. शेवटचा जुना प्रोग्रॅम बदलून झाला की तो व्ह्यू काढून टाका.